मागच्या फळीवरचं नाव

(उद्यमनगर, कोल्हापूर. २००२. कारखान्याच्या शेडमध्ये रंग नुकताच वाळलेली मालवाहू तीनचाकी. मागच्या फळीवर ॲल्युमिनियमची ओतीव अक्षरं. बोलणारे तिघं : मालक बसाप्पा, त्यांची मुलगी सौंदर्या, फोरमन बाळासो.)

सौंदर्या : इथं बघा, अप्पा. ‘द’च्या शेपटीपाशी. केसाएवढी चीर आहे. ओतताना धातू जरा थंड पडला असणार.

बसाप्पा : कोण बघतंय गाडीच्या मागं वाकून?

सौंदर्या : मागून येणारा प्रत्येक जण.

बसाप्पा : मग दुसरा ओत. भट्टी तुझ्याच हातात हाय.

बाळासो : दुसरा कशापाई, मालक? आत्ता पुण्याच्या कंपनीचं पावणं येतंय. व्यवहार झाला तर सगळीच अक्षरं उपटायची हाईत.

बसाप्पा : झाला तर. अजून मी हो म्हटलेलं न्हाय.

बाळासो : दिवाळीपासनं ‘बघू’च म्हणताय. पोरं मला इचारत्यात, कारखाना ऱ्हातोय का जातोय. गेल्या महिन्यात एक गाडी खपली. ती बी तुमच्या साडूला.

बसाप्पा : साडूनं घेतली म्हणून गाडी वाईट काय?

बाळासो : न्हाय ओ. पण साडू एकच हाय की तुम्हास्नी.

बसाप्पा : ऐक. गाडी घेतो म्हणत्यात, शेड घेतो, माणसं सगळी ठेवतो. मान्य. पण नाव त्यांचं. म्हणे ‘टिरो’. सौंदर्या, टिरो म्हंजे काय गं?

सौंदर्या : काहीच नाही. मी विचारलं त्यांना. अर्थ नसलेलंच नाव मुद्दाम शोधतात. अर्थ असला की कुठल्या तरी भाषेत तो वाईट निघतो. त्यांच्या सगळ्या गाड्यांची नावं अशीच आखूड आहेत, म्हणजे एक ऐकलं की कंपनी ओळखू यावी. मद्रासपासून लुधियान्यापर्यंत माणसांना बसवून त्यांच्याकडून नाव उच्चारून घेतलं म्हणाले.

बाळासो : टिरो. जिन्यावरनं डबा पडल्यागत वाटतंय.

बसाप्पा : आणि आपलं नाव बघ. त्र्याण्णव साली पहिली गाडी उभी केली, तवा तू सांगलीला इंजिनिअरिंगला हुतीस. तुझी अव्वा म्हणाली, देवाचं नाव ठेवा. मी म्हटलं, देवाचं सगळेच ठेवत्यात. धातूचं शास्त्र शिकणारी पोरगी अख्ख्या उद्यमनगरात कुणाच्या घरात हाय? लावलं तुझं नाव. आज पेठ वडगावच्या बाजारात जा. तीनचाकी म्हणतच न्हाईत. सौंदर्या म्हणत्यात.

सौंदर्या : म्हणतात.

बसाप्पा : मग? पोरीचं नाव बापानं पान्हा घेऊन उपटायचं?

सौंदर्या : बाळासो, चहा सांगता का?

बाळासो : मीच जाऊन आणतो. पण ताई, काय असंल त्ये एकदा बोलून टाका. न्हाईतर आज बी ‘बघू’ हुतंय.

बसाप्पा : काय बोलायचं हाय तुला?

सौंदर्या : पेपरात आलेलं आठवतं? ‘राधानगरी रस्त्यावर सौंदर्या उलटली, म्हैस बचावली.’

बसाप्पा : ड्रायवर पिऊन हुता त्यो.

सौंदर्या : हो. ते कात्रण आमच्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर महिनाभर होतं.

बसाप्पा : पोरं टवाळच असत्यात.

सौंदर्या : जयसिंगपूरचं स्थळ. मुलाच्या काकांनी पोहे खाता खाता विचारलं, ‘सौंदर्या लोड किती घेते?’ सगळे हसले.

बसाप्पा : मला वाटलं, गाडीचं इचारतोय. मी सांगितलं बी, पाचशे किलो.

सौंदर्या : हो. सांगितलंत.

बसाप्पा : ...म्हणून न्हाई म्हणालीस तू त्यांना? तवाच बोलायचं न्हाई?

सौंदर्या : दुसऱ्या दिवशी नवीन गाडी बाहेर पडायची होती. तुम्ही हार आणून ठेवला होता. आणि ते सोडा, त्याची सवय झाली मला. चिमणाबाई आठवतात?

बसाप्पा : कोण चिमणाबाई?

सौंदर्या : पिराजीची बायको. दुप्पट ऊस भरून गाडी नाल्यात गेली, त्याचा पाय काढावा लागला.

बसाप्पा : तू तपासलातास की त्यो ॲक्सल. तुकडा कापून मायक्रोस्कोपखाली बघितलास. दोष न्हवता.

सौंदर्या : नव्हता. नंतर एकदा त्या घरी आल्या. तुम्ही बाहेर होता. दारातच म्हणाल्या, सौंदर्या कोण? मी म्हटलं, मी. मला वाटलं, शिव्या देतील. मी मनात सगळं तयार ठेवलं होतं, वजन, वेग, धातू. त्यांनी काही विचारलंच नाही. नुसत्या बघत राहिल्या माझ्याकडं. मग पाणीही न घेता गेल्या.

बसाप्पा : हे तू आज सांगतीयास.

सौंदर्या : दमले, अप्पा.

बसाप्पा : एस्टीतनं जाताना समोरनं एखादी गाडी आली की मी शेजारच्याला दाखवायचो. म्हणायचो, माझी पोरगी. मला वाटायचं, तुला बी बरं वाटत असंल.

सौंदर्या : सुरुवातीला वाटलं होतं. एक-दोन गाड्या होत्या तोवर.

बसाप्पा : पुण्यावाल्यांना मी तुझ्यापाई अडवून धरलंय. आपण सही करायची आणि पोरगी आत जाऊन रडायची, असं नको म्हणून.

सौंदर्या : मला अंदाज होता. तरी गप्प बसले.

बाळासो : मालक, चहा घ्या. आणि फाटकात गाडी आलीया. टिरोवालं.

बसाप्पा : बसव त्यांना. दोन मिनिटं थांबा म्हणावं. सौंदर्या, काय सांगू मी त्यांना? आज ‘बघू’ म्हणत न्हाय. तू सांगशील ते.

सौंदर्या : गाडी देऊन टाका, अप्पा. माझं नाव मला परत पाहिजे.