घरी इचारून सांगतो

आवं, ती पाटी काढा पहिली! मगापासून सांगतोय, कुणी ऐकतच न्हाई. माझ्या शेजारच्या खुर्चीम्होरं ती घडी घातलेली पाटी, 'सौ. साळुबाई कुंडलिक, अवसरी बुद्रुक', पाण्याची बाटली, वही, पेन... पेन कशाला वो, तिचा अंगठा व्हता. आन ते चहावाले भाऊ दोनदा इचारून ग्येले, 'ताई पोचल्या का?' न्हाई पोचल्या. आता सायबांनी माइक दिलाय, पाच मिनिटं बोला म्हणले, तर ही खुर्ची रिकामी का हाये तेवढं सांगतो. उन्हाचं मागनं बघू.

तुमाला सांगतो, सगळी चूक ह्या अक्षदाताईंची. त्या बघा, कोपऱ्यात बसल्यात. फेब्रुवारीत सर्वे करत आल्या आमच्या ओट्यावर, हातात टॅब, डोक्यावर टोपी, घामाघूम. म्हणल्या, 'काका, पंधरा मिनिटं आहेत का?' आता मला इचारतात, पंधरा मिनिटं हायेत का! माझा सुदर्शन चाकणला कंपनीत हाये, गुणी पोरगं, दर रविवारी फोन करतो. 'आण्णा, जेवला का? गोळी घेतली का?' दोन प्रश्न, फोन बंद, मंग पुढचा रविवार. माझ्या कांदा साठवायच्या बराखीत कांदा कमी आन मिनिटंच जास्त, बसा म्हणलं.

तर बाई बसल्या आन इचारलं काय? 'काका, जग फार तापतंय. काही शास्त्रज्ञ म्हणतात, आभाळात खूप उंचावर बारीक कण सोडले, तर थोडं ऊन वरच्या वर परत जाईल आणि इथली उष्णता कमी होईल. अजून कोणी करत नाहीये हं, पण याचा अभ्यास करावा का, आणि नियम कोणी ठरवायचे, यावर तुमचं मत हवंय. पूर्ण सहमत, थोडे सहमत, तटस्थ, थोडे असहमत, पूर्ण असहमत.' पाच खोकी! आता राव, आमाला आजवर कुणी काय इचारलंय? ट्रॅक्टर मोकळा हाये का, बिबट्या दिसला का, मत कुणाला देणार. सूर्याचं काय करू, असं एका तरी माणसानं इचारलं व्हतं का? घाबरलो मी. आन माणूस घाबरला की सवयीचंच बाहेर येतं. म्हणलं, "घरी इचारून सांगतो."

तुमी पुण्याची माणसं, तुमाला ठाऊक नसंल. आमच्याकडं 'न्हाई' असं तोंडावर म्हणत न्हाईत, वाईट दिसतं. बियाणंवाला आला, घरी इचारून सांगतो. इमावाला आला, घरी इचारून सांगतो. सोसायटीच्या निवडणुकीला उभं ऱ्हा म्हणले, घरी इचारून सांगतो! आन घर म्हंजी कोण, तर साळुबाई. एकदा तर ती शेजारीच उभी, डोक्यावर घमेलं, आन मी म्हशीच्या व्यापाऱ्याला म्हणतोय, घरी इचारून सांगतो. ती म्हणली, 'आवं, मी हितंच हाये, इचारा की.' अख्खी अवसरी हसली. चाळीस वर्षं ह्या एका वाक्यावर काढली म्या, आन कुणीसुदा परत येऊन इचारलं न्हाई, की घरी काय म्हणले.

अक्षदाताईंनी इचारलं! पुढल्या मंगळवारी हजर. त्यांनी टॅबात लिवून ठेवलं व्हतं म्हणं, 'कुटुंबात चर्चा बाकी'. दारातनंच म्हणल्या, 'काका, विचारलंत का? काकू काय म्हणाल्या?'

आता काय सांगता? येत्या वैशाखात साळुबाईला जाऊन दोन वरसं व्हतील.

हं... आता कळलं का, पाटी का काढा म्हणत व्हतो. न्हाई, तसं खाली बघू नका, बोलायला जड जातं.

आन सांगायला पायजे व्हतं, कबूल. पर ती पोरगी दारात उभी आन इचारती कशी, काकू काय म्हणाल्या, जशी काय साळू आत भाकरी थापतीया. दोन वरसं लोक मला तिच्याबद्दल बोलतच न्हाईत वो, वाईट वाटंल म्हणून. नाव घेत न्हाईत. सुदर्शनबी घेत न्हाई. आन हिनं घेतलं, ते बी मोठ्यांदा. माझ्या तोंडून निघून ग्येलं, 'लोणीला ग्येलीया माहेरी. पर इचारलं म्या.' आन इचारलं म्हणल्यावर ती काय म्हणली तेबी सांगाय नको का?

मंग बसलो इचार करत, ती काय म्हणली असती. म्हणलं, ती म्हणतीया, 'कालव्याचं आवर्तन सुटलं तर वरच्या अंगाचे भरून घेत्यात, शेपटाला आपल्यापर्यंत येईस्तोवर पाणी बंद. पाण्याची पाळी अजून नीट लावता येईना, उन्हाची पाळी कोण लावणार?' ताईंची बोटं अशी पळायला लागली टॅबावर! म्हणल्या, 'काकूंचं डोकं कसलं आहे हो!' म्हणलं, हायेच. माझं मत त्यांनी तटस्थ लिवलं.

पुढला मंगळवार. सोमवारीच दाढी केली म्या, खोटं कशाला बोलू. त्या म्हणल्या, 'काका, काकू आल्या का?' म्हणलं, न्हाई, भावाचं बरं न्हाई. मेव्हणा आजारी पाडला बघा, धडधाकट माणूस! पर फोनवर म्हणली म्हणलं, 'पंखा लावून पोराला निजवलं आन मधीच लाईट ग्येली, तर पोरगं पहिल्यापरीस जास्त रडतं. हे ऊन कमी करायचं चालू केलं आन पन्नास वर्षांनी कुणी मधीच बंद केलं, तर?' ताई लिवत ऱ्हायल्या. चहा निवला त्यांचा. म्हणल्या, 'काका, हा प्रश्न मी सरांना पाठवते.'

तुमाला सांगतो, चाळीस वर्षांत म्या तिला इचारलं कमी आन 'इचारून सांगतो' म्हणलं जास्त. आन आता रोज इचारत व्हतो. बराखीत कांदा निवडताना इचारायचो, सांग ग, पावसाचं काय व्हईल? एका देशानं केलं आन दुसऱ्याचा पाऊस पळाला, तर भांडायचं कुणाशी? आन ती पटापट सांगायची. एवढं आमी ती असताना बी बोललो न्हवतो.

आन मंग आलं तुमचं पत्र! 'धोरणविषयक चर्चेस आपण उभयतांनी यावे.' उभयतांनी! आता मेव्हण्याला किती दिवस आजारी ठेवायचं? तरी आलो. सकाळी सायबांनी पडद्यावर गरमीची रेघ दाखवली, सरळ चाललीया, चाललीया, आन एकदम वर! म्हणले, 'हा साळुबाईंचा पंखा. याचं पक्कं उत्तर आज आमच्याकडे नाही.' तुमी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ह्या खुर्चीकडं बघून. म्याबी वाजवल्या. ती असती तर पदरात तोंड लपवलं असतं तिनं.

अक्षदाताई, रडू नका वो. तुमची काय चूक न्हाई, मगाशी म्हणलो ते सोडा.

एक ऱ्हायलं. ती कशानं ग्येली ते. उन्हानंच. कांदा काढून वावरात पडला व्हता, आन कांद्याला ऊन लागलं की सडतो, म्हणून पातीनं झाकायचा असतो. दुपारची ग्येली झाकायला. म्या म्हणलं, जरा उतरू दे ऊन. म्हणली, तोवर कांदा भाजंल. सगळा कांदा झाकला तिनं, एकूण एक ढीग, आन सोता उघडी. शेवटच्या ढिगापाशी घावली. त्या साली कांदा लई टिकला, एक सडला न्हाई.

आता तुमी म्हणाल, मंग तर काका म्हणणारच, करा ऊन कमी. करा की! पर मला पायजे व्हतं ते त्या एका दुपारी, अवसरीतल्या एका वावरात, तासभर. ते तुमच्या पाच खोक्यांत कुठं बसतंय? आन तिला इचारलं तर ती काय म्हणंल? 'माझ्यापायी सगळ्या जगाचं ऊन हालवता व्हय?' का म्हणंल, 'करा बाबा कायतरी, दुसरीचं तरी नको व्हायला'? लई दिस इचारतोय. बाकी सगळ्याला बोलती, ह्या एकाला गप ऱ्हाती.

काय म्हणता साहेब, पाच मिनिटं झाली? बरं, बसतो. काय? ते प्रश्न तिच्याच नावावर ऱ्हाऊ द्यायचे का? ऱ्हाऊ द्या की. पाटीबी ऱ्हाऊ द्या, एवढा येळ बसलीया तर.

आन माझं? न्हाई, ते तटस्थ खोडा, तटस्थ न्हाई मी... आत्ताच सांगायचं व्हय? एकच खोकं?

तसं नको साहेब. साडेपाचची मंचरची गाडी हाये मला. मंगळवारी ताईंना धाडा. घरी इचारून सांगतो.