चाळिसाव्या मिनिटाची रेघ

आई : ताट वेगळं, पेला वेगळा, टॉवेल वेगळा. झोपते बाहेरच्या खोलीत, सोफ्यावर. मी जवळ गेले की दोन हात मागे सरकते. दहा वर्षांची पोर हो, सिस्टर! काल तिच्या बाबांनी डोक्यावरून हात फिरवला, तर त्यांच्या हातात साबण देऊन त्यांना नळाशी पाठवलं.

सिस्टर : जेवते का?

आई : जेवते. एकटी, भिंतीकडे तोंड करून.

मावशी : सिस्टरबाई, पाचवी ब व्हरांड्यात उभी केलीय. एकोणतीस डोकी. एक जण आत्तापासून शिंका काढतोय, पण त्याचं काही मनावर घेऊ नका. पहिल्या तासाला भूगोलाची चाचणी आहे त्यांची.

सिस्टर : पाच मिनिटं थांबवा त्यांना, मावशी.

मावशी : थांबतील की. नाकात काडी घालून घ्यायची घाई कोणाला असते?

आई : तेच तर झालंय. ही काडी घालून घ्यायलाच तयार नाही. काल तुमची चिठ्ठी आली ना, की वर्गात परत एक मूल आजारी आहे, रोज सकाळी सगळ्यांची तपासणी, एकच रेघ आली की वर्गात बसा, आणि तपासणी नको असेल तर दहा दिवस घरी. ती वाचली तिनं, घडी केली आणि म्हणाली, मी दहा दिवस घरी.

सिस्टर : आत्ता कुठाय?

आई : मैदानातल्या बाकावर. इथपर्यंत आणली हेच पुष्कळ समजा. रांगेत उभी राहत नाही, म्हणते, माझं त्यांना लागेल.

सिस्टर : तिच्या मनात नेमकं काय आहे?

आई : तिच्या मनात, तिनं आजोबांना मारलं.

सिस्टर : असं म्हणाली?

आई : म्हणत नाही. बोटं मोजते. रविवारी नानांकडे गेलो होतो, त्यांच्या ताटातलं खाल्लं तिनं. त्यांचा उरलेला भात तीच संपवायची नेहमी. मंगळवारी तुमच्या पट्टीवर दोन रेघा आल्या. पुढच्या सोमवारी नाना गेले. रविवार, मंगळवार, सोमवार. दिवसातून दहादा मोजते. मी डॉक्टरांचा कागद दाखवला तिला, की बघ बाई, हृदय लिहिलंय, दोन वर्षं आपण त्याच्याच गोळ्या आणत होतो. तर म्हणते, डॉक्टरांना काय माहीत मी भात खाल्ला होता ते.

मावशी : अगं बाई, बाई.

आई : म्हणून आले. मोठ्या बाईंकडे नाही गेले, थेट तुमच्याकडे आले. तुमचं ऐकते ती. तुम्ही तिला समजावा, की रविवारी तुझ्याकडून काही गेलं नाही, आणि त्यानंतर तू आठवडाभर लांब राहिलीस म्हणून आजोबांना शेवटचे दिवस धड श्वास तरी घेता आला. तू त्यांना वाचवलंस, असंच म्हणा. खोटं थोडंच आहे? मी स्वतः त्याच्यावरच उभी आहे, सिस्टर. तिला भेटू दिलं नाही मी. माझे वडील होते ते, शेवटच्या दिवसांत एकच नाव घेत होते, आणि मी म्हणत होते, नाना, तिला बरं नाही. पण निदान त्यांना खोकत खोकत जावं लागलं नाही. तुमच्या त्या पट्टीमुळे. तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते.

सिस्टर : माझे आभार मानू नका.

आई : का नको? पालकसभेत तुमच्या बाजूनं पहिला हात मीच वर केला होता. आधी काय होतं? एक पोर आजारी पडलं की अख्खा वर्ग घरी, दहा दहा दिवस. माझी नोकरी जायची वेळ आली होती. तुम्ही उभ्या राहिलात, म्हणालात, वर्गाला कुलूप कशाला, मी रोज सकाळी तपासते.

मावशी : सांगा हो, सिस्टरबाई, त्या लेकराला दोन शब्द. गोड बोलायला काय जातंय? मी आणते बोलावून.

सिस्टर : थांबा मावशी. तुम्हाला माहितीये.

मावशी : मला काहीएक माहीत नाही. मी खोकी उचलते आणि फरशी पुसते.

सिस्टर : मावशी.

आई : काय माहितीये?

सिस्टर : बसा तुम्ही.

आई : बसलेलीच आहे मी. काय माहितीये?

सिस्टर : ती पट्टी पंधरा मिनिटांनी बघायची असते. वीसच्या आत. वीसच्या पुढे गेली की तिच्यावर काहीही दिसलं तरी ते धरायचं नाही. पट्टी टाकायची आणि दुसरी करायची. पाकिटावर ठळक लिहिलेलं असतं.

आई : बरं मग?

सिस्टर : त्या मंगळवारी मी तुमच्या मुलीची पट्टी चाळीस मिनिटांनी बघितली.

मावशी : मुद्दाम नाही हो केलं त्यांनी! पहिलीतलं पोर जिन्यावरून पडलं, हनुवटी फाटली. रक्त बघून त्याची बाईच खाली बसली. मग कोण धावणार?

सिस्टर : त्याचे वडील येईपर्यंत कापूस धरून बसले होते मी. इकडे ट्रेमध्ये अठ्ठावीस पट्ट्या पडलेल्या.

मावशी : आणि गजर झाला होता. तो मी दाबला. कर्कश वाजत होता, बंदच होईना. मला वाटलं, बाई आल्यावर बघतील. हेही सांगा की त्यांना. सगळं स्वतःवर कशाला घेताय?

सिस्टर : गजराचा प्रश्न नव्हता, मावशी. मी आले तेव्हा घड्याळ बघितलं होतं. सत्तावीस पट्ट्यांवर एक रेघ. एकीवर दुसरी. पुसट, डोळे बारीक केले तर दिसेल अशी. ती फेकून तेव्हाच दुसरी करायला हवी होती.

आई : मग का नाही केली?

सिस्टर : खोका संपला होता. नवा दुपारी यायचा होता. म्हटलं, पोरीला उगाच वर्गात पाठवून पंचाईत नको. एक दिवस घरी गेली तर काय बिघडतंय?

आई : एक दिवस.

सिस्टर : एकच दिवस डोक्यात होता. दुपारी खोका आला. तुम्हाला फोन करायला मी उठलेही होते, की उद्या सकाळी तिला घेऊन या, परत बघते म्हणून. तेवढ्यात मोठ्या बाई स्वतः खाली आल्या. पाच आठवडे मी पोरांची नाकं तपासत होते आणि एकसुद्धा सापडलं नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत मला नाकवाल्या बाई म्हणायचे. त्या शुक्रवारी संस्थेची माणसं येणार होती, हे सगळं बंद करून परत आपलं कुलूपच बरं म्हणायला. आणि मोठ्या बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, सापडलं ना एक! मी म्हणत नव्हते?

आई : आणि तुम्ही काय म्हणालात?

सिस्टर : काही नाही. हसले. खरं सांगू? फार बरं वाटलं मला.

आई : मी तुम्हाला फोन केला होता. गुरुवारी.

सिस्टर : हो.

आई : दुकानातून आणून घरी दोनदा केली मी. दोन्ही वेळा एकच रेघ. तुम्हाला विचारलं, सिस्टर, तिला नानांकडे नेऊ का, ते फार दिवस नाहीत. तुम्ही काय म्हणालात?

सिस्टर : म्हणाले, घरी नीट घेता येत नाही. एकदा आली म्हणजे आली.

आई : किती पटकन म्हणालात. मला वाटलं, केवढी जाणती बाई आहे.

मावशी : पाणी देऊ का तुम्हाला?

आई : नको. शनिवारी काय केलं मी माहितीये? नाना दुसऱ्या मजल्यावर. तिला खाली फाटकाशी उभी केली, उन्हात. म्हटलं, मी वर जाऊन खिडकी उघडते, तू जोरात हाक मार. त्यांना उठून बसवत नव्हतं, पण म्हटलं आवाज तरी जाईल. तिनं हाका मारल्या. सगळा जीव काढून मारल्या. नाना म्हणाले, कोणाचं गं पोर ओरडतंय खाली? ऊन लागेल त्याला. घरी पाठव.

(व्हरांड्यात मुलं एकमेकांना ढकलून हसत आहेत.)

मावशी : गप्प बसा रे! भिंतीला पाठी लावा!

आई : मी काय म्हणून तिला खाली उभी केली? जिना चढून वर यायचं होतं फक्त. बावीस पायऱ्या.

सिस्टर : तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात.

आई : आज का सांगितलंत? मी आभार मानत होते. मला बरं वाटत होतं, सिस्टर. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

सिस्टर : तुम्ही मला तिला सांगायला सांगितलंत, की लांब राहून तू त्यांना वाचवलंस. ते म्हणण्याइतकं तोंड नाही मला. आणि ते ऐकून तिचं ताट वेगळंच राहिलं असतं. लांब राहिल्यानं माणसं वाचतात, हे तर ती शिकून बसलीय.

आई : आणि खरं सांगितलंत तर?

सिस्टर : तर तिच्यामुळे ते गेले नाहीत, हे तिला कळेल.

आई : आणि उगाचच भेटता आलं नाही, हेही कळेल.

सिस्टर : हो. तेही.

आई : मोठ्या बाईंना माहितीये हे?

सिस्टर : तुम्ही गेल्यावर वर जाणार आहे. नाही, असं नको म्हणायला. तीन आठवडे रोज सकाळी जाणारच होते. आज जाते. लिहून ठेवलंय.

मावशी : तुम्हाला काढलं तर? परत कुलूप लागेल वर्गांना. यांच्यासारख्या आयांनी काय करायचं?

सिस्टर : पट्टी चांगलीच आहे, मावशी. तिला घड्याळ बघणारं माणूस लागतं, एवढंच.

आई : मला तुमचा राग येतोय. पण रागवायलासुद्धा ताकद लागते.

सिस्टर : येऊ द्या. राग कुठे पळून जात नाही.

आई : मावशी, तिला बोलवा. नाही सिस्टर, मी बोलणार नाही काही. तुम्हीच सांगा. मी इथे बसते.

मावशी : ए बाळा! हो, तूच. ये आत. कोणी काडी घालत नाही तुला, माझ्यावर सोड ते.

मुलगी : मी दारातूनच बोलते.

सिस्टर : दारातून बोल.

मुलगी : मी तपासणी करणार नाही. दहा दिवस घरी बसलं तर चालतं, चिठ्ठीत लिहिलंय.

सिस्टर : चालतं. त्याचं नंतर बघू. मला तुला वेगळंच सांगायचंय. माझं चुकलं होतं.

मुलगी : कुठलं?

सिस्टर : तुझी पट्टी. वेळेवर बघायची असते, मी फार उशिरा बघितली. उशिरा आलेली रेघ धरायची नसते. मी धरली. तुला काही झालंच नव्हतं.

मुलगी : दोन रेघा होत्या. तुम्ही मला दाखवल्या होत्या.

सिस्टर : दाखवल्या होत्या. दुसरी खरी नव्हती.

मुलगी : आई, तू यांना असं बोलायला सांगितलंस ना?

आई : नाही गं. मी वेगळंच सांगायला सांगितलं होतं.

मुलगी : मग घरी बसल्यावर मला ताप का नाही आला?

सिस्टर : म्हणूनच नाही आला.

मावशी : आणि माझं पण चुकलं, बरं का. तो गजर वाजत होता, तो मी दाबून टाकला.

मुलगी : आजोबांचा भात खाल्ला होता मी. त्यांच्याच चमच्यानं.

सिस्टर : चांगलं केलंस. त्या भातातून काही गेलं नाही. तुझ्यापाशी द्यायला काही नव्हतंच.

मुलगी : रविवारी नव्हतं?

सिस्टर : नव्हतं.

मुलगी : आणि मंगळवारनंतर? गुरुवारी?

सिस्टर : गुरुवारीही नव्हतं.

मुलगी : शनिवारी?

सिस्टर : नाही.

मावशी : आत ये ना गं. तिथे किती वेळ उभी राहणार?

मुलगी : आई, मग शनिवारी मी वर आले असते तर चाललं असतं.

आई : हो, बाळा. चाललं असतं.