लावली का वायर?

नाही, पण मला सांगा, लग्न झाल्यापासून रोज एकाच माणसाला एकच प्रश्न विचारायचा म्हणजे काय! मी ताटावर बसलो, बोर्श सूपचा पहिला भुरका मारतोय न मारतोय, तोच आमची डारिया, "ओरेस्ट, लावली का वायर?" अहो, कॅनडातल्या सस्कॅचेवानात जन्म गेला माझा! उणे चाळीसात ट्रकच्या इंजिनाचा हीटर रात्रभर प्लगला लावला नाही, तर सकाळी तेल गोठून इंजिनाचा दगड होतो, हे मला ठाऊक नाही? "लावली गं बाई, लावली!" असा खेकसायचो... आणि मग गुपचूप कोट चढवून लावायला जायचो.

तुम्हाला सांगतो, गेल्या महिन्यात तिला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण वाचा गेली. एक शब्द नाही! ती हॉस्पिटलात, मी घरी एकटा जेवायला बसायचो, आणि कुणी विचारतच नाही. घास उतरायचा नाही हो. शेवटी मीच मोठ्यानं म्हणायचो, "लावली का वायर?" आणि जाऊन लावून यायचो.

काल सकाळी हॉस्पिटलातून फोन, "डॉक्टरांना बोलायचंय, लगेच या." लगेच? लगेच म्हणजे काय? कोटाची बटणंही न लावता धावलो. ट्रक एका फटक्यात सुरू, निघालो! गावात जो तो हात करतोय, पेट्रोल पंपावरचा वासिल तर काहीतरी ओरडत मागे धावला. म्हटलं, बघा, किती माया लोकांना! मीही गंभीरपणे टोपी उचलली.

डॉक्टर म्हणाले, "बोलणं परत येईल अशी फार आशा धरू नका." तिच्या खोलीत गेलो, हात धरून बसलो. "डारिया, भांड हवं तर, पण बोल गं..." ती आपली खिडकीबाहेर बघतेय, माझा ट्रक उभा होता तिकडं. एकाएकी तिचे डोळे मोठे झाले, ओठ वाकडे, घशात घरघर... मी घाबरून नर्सला हाक मारणार, तोच...

"वा... यर... का... ढली... नाही!"

बघतो तर काय, ट्रकच्या नाकातून निघालेली ती नारिंगी वायर अख्ख्या गावातून फरफटत आलेली, आणि टोकाला आमच्या भिंतीतला प्लगचा बोर्डसुद्धा! मी हसतोय काय, रडतोय काय, नर्सला मिठी काय मारतोय...

रविवारी घरी येतेय ती. म्हणजे आता संध्याकाळी "लावली का?" आणि सकाळी उठल्या उठल्या "काढली का?"

विचारू दे बापडीला.