वीस घोडे आणि हंडाभर गोडं पाणी

न्हाय न्हाय, ऐकलं मी. कान अजून शाबूत हायत माझे. इंजिन भरवशाचं हाय का, असंच विचारलंत ना तुम्ही? विचारा की. तुमच्या आधी तिघे पाव्हणे येऊन गेले, त्यांनीपण पहिलं इंजिनाचंच विचारलं — मुलगा बहिरा हाय का, ताडी पितो का, बायकोवर हात उचलील का, ते सगळं मागाहून. जशी काय तुमची लेक राही इंजिनाच्याच गळ्यात माळ घालणार हाय. बसा, खांबाला टेका. सुपारीचं तबक तिथंच असू द्या, ती फोडायची घाई न्हाय. काळूची गाडी रेवसाहून यायला अजून वेळ हाय, तवर गोष्ट ऐका.

एक होता मिठागरवाला — नाव मी घेत न्हाय, माझे मालक ते, बाहेर कुणालाही विचारा. एक होती त्याची बायको मनुबाई, ती ही तुमच्यासमोर बसलीय. एक होता त्यांचा नातू काळूराम, आईबापांविना वाढलेला, आणि एक होतं इंजिन. मोठी लढाई सरली त्याच्या चौथ्या वर्षी मुंबईच्या कुणा शेटजीनं टाकून दिलेली गाडी मालकांनी मचव्यात घालून रेवसाला आणली. उतरवताना फळी वाकली, गाडी खाडीत जाता जाता राहिली. गेली असती तर मी नारळ वाढवला असता — तेव्हा असंच वाटायचं मला.

मालक ओसरीवर बसून तिचे गुण गायचे. चार नळकांडी, वीस घोड्यांची ताकद! मी म्हटलं, वीस घोडे असते तर वांग्यांना लीद तरी मिळाली असती. ती सुरू करायची म्हणजे तोंडाशी उभं राहून दांडा फिरवायचा, आणि अंगठा दांड्याभोवती वळवायचा न्हाय, बोटांच्या बाजूलाच ठेवायचा — न्हायतर उलटा झटका बसतो. मालकांनी पहिल्याच दिवशी अंगठा वळवला. महिनाभर मी त्यांना भरवत होते. बैल लाथ मारतो तो मागच्या पायानं, हे जनावर तोंडानं लाथ मारायचं! पेट्रोलची टाकी बसायच्या जागेखाली, तिथून ते आपोआप उतरेल तेवढंच इंजिनाला मिळायचं. टाकीत पेट्रोल कमी असलं आणि चढ आला की टाकी खाली नि इंजिन वर, मग ते उपाशी. मग काय करायचं? गाडी फिरवायची आणि उलटी चढवायची. अलिबागचे एक वकीलसाहेब अख्खी खिंड पाठमोरे चढले, वर गेल्यावर म्हणाले, रस्ता छान होता. असं हे भरवशाचं इंजिन.

आणि पाणी! पाणी फिरवायला त्यात काही यंत्र न्हाय — तापलं की वर चढतं, गार झालं की खाली उतरतं, आपलं आपण. मालक म्हणायचे बघ कशी अक्कल हाय. अक्कल कसली, दर खेपेला नाकातून वाफ सोडून हंडाभर पाणी प्यायचं. तुम्ही भातवाले, तुम्हाला मिठागराकाठची तऱ्हा ठाऊक न्हाय. वैशाखात आमच्याकडे पाणी बघाल तिकडे, पण प्यायला घोट न्हाय. गोडं पाणी अर्ध्या कोसावरच्या विहिरीत, खडकातून झिरपेल तेवढं, तांब्यातांब्यानं भरायचं. बाकी सगळी खाडी.

आता तुमच्या मनातलं काढते, म्हणजे तुम्हाला काढावं लागणार न्हाय. तुमच्या धाकट्या बहिणीचं वऱ्हाड. चार वर्षं झाली — ते मिठाच्या चळवळीचं साल. रेवसाची बोट गाठायची होती, आणि आमची गाडी वाटेत उकळून बसली. बोट गेली, मुहूर्त टळला, तुमच्या बहिणीला दुसऱ्या दिवशी बोहल्यावर उभी केली. तेव्हापासून पंचक्रोशीत बोलतात की काळू गाडीची निगा राखत न्हाय, पोरगा बेफिकीर. तिघे पाव्हणे गूळ-पाणी पिऊन त्याच बोलण्यावर परत गेले. तुम्ही तर पाण्याला हातही लावला न्हाय.

काय झालं होतं? मीठ झालं होतं! पुढच्या जाळीच्या नळ्या पांढऱ्याफटक, कच्च भरलेल्या. तिकडे माणसं मीठ उचलून कायदा मोडत होती, त्यांना शिपाई धरून नेत होते, आणि इकडे आमचं इंजिन भर रस्त्यात मीठ पिकवत होतं. त्याला कुणी धरलं न्हाय. आठ दिवस कुणीतरी त्यात खाडीचं पाणी ओतलं होतं. कुणीतरी म्हणजे — आता घरात होतंच कोण, धाकटी सून सगुणा बाळंतपणाला माहेरी, तिचा नवरा मुंबईला गोदीत, काळू आणि मालक सकाळपासून गाडीवर. आल्या आल्या काळू म्हणायचा, आजे, गोडं पाणी भरून ठेव. आणि माझी मान धरलेली, पायाला भेगा, डोक्यावर हंडा घेऊन मी अर्धा कोस जायचं नि यायचं, आणि ते कुणी प्यायचं तर त्या लोखंडानं? दारात खाडीचा पाट भरून —

असं बघू नका. व्हय, मीच ओतलं.

सात पिढ्या आमच्या घरात खारं पाणी उन्हात तापवून मीठ करतात. रांगतं पोरसुद्धा सांगेल पाणी उडतं, मीठ राहतं. पण इंजिनाच्या पोटातपण ऊनच हाय, हे मनुबाईच्या डोक्यात आलं न्हाय. दुसऱ्याला हसायला तोंड मोठं, बघा.

काळूनं नळी उघडली, ते पांढरं चिमटीत घेतलं, जिभेवर ठेवलं. मग माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "आजे, मीठ बरं पिकलंय." बस, एवढंच. मालक काठी घेऊन आले तर म्हणाला, माझ्या हातून झालं, घाईत पाटाचं पाणी भरलं. मालकांनी चारचौघांत त्याला नालायक म्हटलं, तेव्हा मी चुलीत फुंकत होते. पुढल्या वर्षी मालक गेले, जातानाही तेच म्हणत गेले. तेव्हाही मी चुलीतच फुंकत होते. मिठाला औषध काय, गोडं पाणीच. नऊ दिवस तो पोरगा स्वतः विहिरीवरून हंडे आणत होता, भरायचा, सोडायचा, पुन्हा भरायचा. मला एक हंडा उचलू दिला न्हाय. त्या दिवसापासून गाडी एकदाही वाटेत बसलेली न्हाय — ते मात्र कुणी बोलत न्हाय. मी ओतलं हे तो कुणाला सांगणार न्हाय, लग्न मोडलं तरी. आज मी सांगून बसले. तुमची बहीण मला काय शिव्या देईल त्या देऊ द्या, पण काळूला कळू देऊ नका, मी बोलले म्हणून.

थांबा — ऐकलंत? वळणावर आला. चारही नळकांडी एका सुरात चाललीत, एकही अडखळत न्हाय. मला पत्र वाचता येत न्हाय, पण हे येतं. आता बघाच, उतरेल, आधी त्या लोखंडाला पाणी दाखवील, मग स्वतः पिईल. आजीनं काय केलं ते बघितल्यावर दुसऱ्याच्या हातून पाणी घालून घेत न्हाय तो. गोडंच असतं, चाखून घालतो.

तुम्ही उठलात? बरं. गाडी आलीच हाय, धक्क्यापर्यंत सोडील तो तुम्हाला, रागावणार न्हाय. तीन पाव्हण्यांना सोडलं, चौथे —

तबक कशाला ओढलंत? अहो, अडकित्ता नवा हाय, धार लागेल. अंगठा जपा, वळवू नका.

फुटली.

सगुणा, ऐकलंस का गं? गूळ आण, आणि पाव्हण्यांना पाणी दे. माझ्या हंड्यातलं नको, काळूनं भरलेल्या हंड्यातलं दे. मी आता बोलत न्हाय.