'असेल तर'

उत्तर ऑन्टारिओतल्या आमच्या गावात पहिला बर्फ पडला, की हिवाळी टायर चढवायला सगळे एकदमच जागे होतात. गॅरेजात ताटकळत बसलो होतो. टीव्हीवर एक पुढारी माफी मागत होता. शेजारच्या बाकावर एक आजी-आजोबा बसले होते. आजी म्हणाल्या,

"ऐकलंस, लोर्न? 'कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर.'"

"मागितली ना बिचाऱ्याने."

"हो, तुझ्यासारखीच."

"आता मी काय केलं, वर्ना?"

"कर्लिंग क्लबात खेळ चालू असताना सगळ्यांसमोर काय म्हणालास? बर्फावर सरकवायला दगड कशाला हवेत, वर्नाने भाजलेले बटर टार्ट सरकवा."

"सॉरी म्हटलं होतं की मी."

"'वाईट वाटलं असेल तर सॉरी' म्हणालास. सकाळी या गॅरेजच्या दाराला धडकलास, त्याला नुसतं सॉरी म्हणालास. दाराला 'असेल तर' लावलं नाहीस."

"बरं बाई, घरी गेल्यावर नीट मागतो."

"थट्टा चारचौघांत आणि माफी घरात होय?"

आजोबा गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि आम्हा सगळ्यांकडे वळले.

"मंडळी, ही माझी बायको. हिच्या टार्टना मी भर क्लबात दगड म्हटलं. हिला वाईट वाटलं. चुकलं माझं."

"अरे, बस खाली. लोक बघताहेत."

"बघू देत. ते टार्ट सगळ्यात जास्त मीच खाल्ले होते, हेही सांगतो."

आजी लाजून लाल झाल्या आणि आम्हाला म्हणाल्या,

"सॉरी हं, आमच्यामुळे तुम्हाला त्रास झाला असेल तर."

"वर्ना, 'असेल तर' काढ."