माझा अंगठा परत मागते

सर्वांत आधी, हे वाचणाऱ्या पोरीनं डोक्यावरचा चष्मा नाकावर घ्यावा. तिथंच आहे गं, दप्तर उपसू नकोस. जिला दहा वर्षांत स्वतःचा चष्मा एकदाही एका झटक्यात सापडला नाही, तिच्या हाती माझं भाषण दिलंय. मधलं एखादं पान ती घरी विसरली असेल, तर सभागृहानं तेवढं मनानंच भरून घ्यावं.

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान प्रमुख पाहुणे, मुख्याध्यापक सर, शिक्षकवर्ग, जमलेले आईबाप, आणि शेवटच्या वर्गातल्या माझ्या पोरापोरींनो. हे शब्द मी खिडकीबाहेरून ऐकून पाठ केलेत. मानपानाचा क्रम चुकला असेल तर ज्यांचा मान मागे पडला त्यांनी पुढे सरकून बसावं.

मी बोलतेय आणि चष्मेवाली लिहितेय. तिला बजावलंय, बोलते ते सगळं लिही आणि लिहिलंस ते सगळं वाच. सुधारायचं नाही.

काही पाहुण्यांना मी ठाऊक नसेन. मी वर्गाच्या खिडकीखालच्या बाकड्यावरची आजी. माझी नात पहिलीत रडायची म्हणून मी बाहेर बसले. दुसरीत तिचं रडणं थांबलं, पण तोवर मला सवय लागली होती. घरी जाऊन परत यायचं म्हटलं की गुडघे विचारायचे, कशाला? दरवर्षी वर्ग बदलला की शिपाईमामा आणि मी बाकडं ओढत पुढच्या खिडकीखाली न्यायचो. मांडीवर कारखान्याचे शर्ट, हातात सुई, बटणं लावत बसायचं आणि कान आत. पाढे आले, कविता आल्या, कुठली नदी कुठे मिळते तेही आलं. अक्षर तेवढं आलं नाही, कारण फळा आतल्या भिंतीवर आणि खिडकी डोक्याच्या वर. दहा वर्षं शाळेत काढून कोरी राहिलेली मी एकटीच असेन. वर्गात झोपा काढणारा आमचा डुलक्यासुद्धा सही करतो.

तर, या शाळेत निरोपाच्या दिवशी कुणीतरी वडीलधाऱ्यानं मुलांचं भविष्य सांगायचं अशी रीत आहे. दरवर्षी एखादे सर सांगतात आणि सगळेच्या सगळे डॉक्टर होतात. मग आजारी कोण पडणार, हा प्रश्न मी बाकड्यावरून पुष्कळदा विचारला, आत ऐकू गेला नसावा. यंदा पोरं म्हणाली, आजीनं सांगायचं. मी हो म्हटलं आणि आता समोर मी नाही. का नाही ते सांगते. पण आधी भविष्य, नाहीतर म्हणाल म्हातारीनं टोपी घातली.

डुलक्याची आई म्हणते, तो आगगाडी चालवणार. मी त्या गाडीत बसणार नाही. तो गाद्यांचं दुकान काढेल आणि गिऱ्हाईकाला स्वतः झोपून दाखवेल. दुकान जोरात चालेल. लांबुडीला दहा वर्षं शेवटच्या बाकावर बसवलं, कारण तिच्यामुळे मागच्यांना फळा दिसत नव्हता. ती पूल बांधेल. नदीत उतरली की खोली मोजायला तिला पट्टी लागणार नाही. आणि आमचा वकील, जो दोन आणि दोन चार का, यावर तासभर भांडला, तो वकील होणार नाही. तो याच शाळेत शिक्षक होईल, आणि त्याच्यासमोर त्याच्यासारखेच तीस बसतील. सर, देवाकडे उशीर असेल, पण न्याय आहे.

चष्मेवालीचं अक्षर मोत्यासारखं आहे असं सगळे म्हणतात. मला काय कळणार, पण तिच्या बोटांत लिहिताना घाई नसते, एवढं दिसतं. ती मोठ्या कचेरीत बसेल, आणि लोक तिच्याकडून अर्ज लिहून घ्यायला येतील. तिनं एक गोष्ट शिकायला हवी. अर्ज कशाचा आहे, कुणाच्या गळ्याशी येणार आहे, हे आधी विचारायचं. का थांबलीस? लिही. मी रागावलेली नाही. लिही म्हटलं ना.

आता राहिली एक. माझी नात. तिचं भविष्य मला दिसत नाही, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. दिसतं. डोळे मिटले की शर्टांच्या कारखान्यातली चौथी रांग, भिंतीकडचं मशीन, आणि त्यावर वाकलेली चाळीस वर्षांची बाई. तोंड माझ्या नातीचं.

त्या मशीनवर आज एकोणीस वर्षं माझी लेक बसते. महिन्याभरापूर्वी कापड कापायच्या पात्यात तिचा उजवा हात आला. बोटं वाचली. दोन महिने हात हलवायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही राहतो ती खोली कारखान्याची. ज्याचं मशीन त्याची खोली, आणि मशीन पंधरा दिवस रिकामं राहिलं तर खोली सोडायची, हा नियम. लेक रात्रंदिवस पट्टीकडे बघत बसायची. मी देवाला शिव्या देत होते. नात गप्प होती. घरात गप्प माणसावर लक्ष ठेवावं, हे मला या वयात कळायला हवं होतं.

एका संध्याकाळी ती कागद घेऊन आली.

"आजी, अंगठा दे."

"कशाला गं?"

"वर्गाचा फोटो काढणार आहेत. पालकांची परवानगी लागते."

"मग थांब, केस विंचरते."

"तुझा नाही गं, आमचा फोटो."

शाळेच्या वहीत पालक म्हणून पहिल्या दिवसापासून मीच आहे. मी अंगठा दिला. दोनदा दाबला, नीट उठावा म्हणून.

तो शाळा सोडल्याचा दाखला मागणारा अर्ज होता. नातीचं अक्षर सरांनी ओळखलं असतं, म्हणून तो दुसरीनं लिहून दिला. कुणी, ते वाचणारीला माहीत आहे. तिनं मैत्रिणीसाठी केलं. तिचा आवाज आत्ता अडखळत असेल तर तिला पाणी द्या, पण पुढचं वाचू द्या.

अभ्यासाची सुट्टी लागली होती, त्यामुळे माझं बाकडंही बंद. नात रोज सकाळी मैत्रिणीकडे अभ्यासाला जायची. मी डबा बांधून द्यायची. पंधरा दिवस उलटले तरी खोली सोडा म्हणायला कुणी आलं नाही, मला वाटलं शिव्या देवापर्यंत पोचल्या. गेल्या आठवड्यात कारखान्यातून बटणं लावायला शर्टांचा गठ्ठा आला. एका कॉलरवरून बोट फिरवलं आणि हात तिथंच राहिला. शिवण संपताना सगळ्या बाया दोन टाके मागे येतात. ही तीन आली होती. अक्षर मला ओळखू येत नाही, टाका येतो.

संध्याकाळी तो शर्ट तिच्यापुढे ठेवला.

"हा कुणाचा हात?"

"शंभर बाया आहेत तिथं, आजी."

"शंभर बाया दोन टाके मागे येतात. तीन यायला मी एकीलाच शिकवलंय."

मग ती रडली नाही. त्याचीच मला भीती वाटली. म्हणाली, "दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. आईचा हात बरा झाला की पुढच्या वर्षी परीक्षा देईन."

"तुझी आई एका वर्षासाठी बसली होती. तुझ्याच वयाची होती."

"तिला कुणी अडवलं नाही?"

काय सांगू, अध्यक्ष महोदय? तिला मीच बसवलं होतं. मशीनपर्यंत बोट धरून नेलं होतं. नातीला हे ठाऊक नव्हतं. आता आहे.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापक सरांकडे गेले. म्हटलं, माझा अंगठा परत द्या. सर भले माणूस. म्हणाले, "आजी, अर्ज अजून माझ्या टेबलावरच आहे, मी पुढे पाठवला नाही. पण तिनं स्वतः येऊन मागे घ्यायला हवा. निरोप समारंभ संपेपर्यंत तिचं हॉल तिकीट मी ठेवून घेतो. त्यानंतर उरलेली तिकिटं परत जातात, ती अडवणं माझ्या हातात नाही."

तिथून कारखान्यात. सुपरवायझर म्हणाला, मशीन रिकामं दिसायला नको, बस्स. म्हटलं, मी बसते. तो हसला. "आजी, सुईत दोरा तरी ओवता येतो का?" म्हटलं, नाही दिसत. पण दोरा ओवून दिलास तर डोळे मिटून बटण लावते. बटणांच्या टेबलावरची बाई मशीनवर घे, मला तिच्या जागी घे, लेकीचा हात बरा होईपर्यंत. तो पेन वाजवत म्हणाला, बघू एक दिवस.

तो एक दिवस म्हणजे आज. तुम्ही हे ऐकताय तेव्हा मी बटणं लावतेय.

नातीला सांगितलं, शाळेत जा. म्हणाली, "नाही जाणार. सगळ्यांचे निरोप चालले असतील, मी कुठलं तोंड घेऊन जाऊ?" म्हणून समारंभाच्या सकाळी मी तिच्या आधी निघणार आहे. ती आली की फाटकावरून परत पाठवा, असं सुपरवायझरला सांगून ठेवलंय. म्हणजे कारखान्यात तिला जागा नाही. घरी आईसमोर ती जाणार नाही. मग उरतं काय? मला वाटतं, शाळा उरते. पण वाटणं माझं आहे, आणि पाय तिचे.

म्हणून प्रमुख पाहुण्यांना माझी हात जोडून विनंती. आज भाषण लांबवा. तुमच्यासारख्यांची भाषणं मी खिडकीबाहेरून पुष्कळ ऐकली, आणि एरवी अर्ध्यातच बाकड्यावर लवंडले. आज तुमचं बालपण सांगा, तुमचे गुरुजी सांगा, परदेशाचा प्रवास सांगा. सांगून झालं असेल तर पुन्हा सांगा. कुणी घड्याळ दाखवणार नाही. कारखान्यापासून इथवर चालत यायला वेळ लागतो, आणि रडत येणारं माणूस सावकाश चालतं.

डुलक्या, तू दाराजवळ बसतोस. आज जागा राहा. ती दारात दिसली तर ओरडू नकोस, टाळ्या नकोत, कुणी मान वळवायची नाही. नुसतं सरकून जागा करायची. लांबुडीनं तिच्यापुढे बसावं, म्हणजे तिला तोंड लपवायला आडोसा होईल. वकिलानं तिच्याशी आज कशावरही वाद घालू नये. तो सरांशी घालावा, तिकीट परत पाठवायला घेतलं तर.

माझ्यासारख्या अडाणी बाईला तुम्ही भविष्य सांगायला निवडलंत, दहा वर्षं खिडकी बंद केली नाहीत, पावसात बाकडं वऱ्हांड्यात घेतलंत, हे उपकार मी विसरणार नाही. बोलण्यात कुणाचा अपमान झाला असेल तर तो माझा, लिहिणारीचा नाही; तिनं फक्त सांगितलेलं लिहिलं, आधीही आणि आत्ताही. समारंभाच्या दिवशी घरचं रडगाणं गायले, तेही पोटात घाला. दुसरा दिवस माझ्याकडे नव्हता.

शेवटचं एक. नंतर चहाफराळ आहे असं कळलं. त्यातलं माझ्यासाठी शिपाईमामांकडे कारखान्याच्या फाटकावर पाठवा. सोबत चिठ्ठी नको, मला वाचता येत नाही, आणि ही बातमी शेजारणीकडून वाचून घ्यायची नाही. मामांनी तोंडीही काही सांगू नये. ते मायाळू आहेत, खोटं बोलतील. नात आली असेल आणि तिकीट तिच्या हातात पडलं असेल, तर एक केळं पाठवा, माझ्या दातांना ते झेपतं. आली नसेल, तर दोन उकडलेली अंडी पाठवा, मीठ लावून. सुट्टी झाली की मला तिला शोधायला निघायचंय, पायांत जोर लागेल.