बाहेरचं ऐकू आलं पाहिजे

शेषेराव : दिसायला पाहिजे म्हंजी? कुणाला दाखवायचाय तुला?

तनुजा : तसं न्हाई, अण्णा. मोठा बरा असतो. हरवत न्हाई.

शेषेराव : हा दुकानवाला बिचारा कवापासून ते इवलंसं दाखवून राहिला. कानात घातलं की ओढणीखाली झाकतंय, कुणाला पत्ता न्हाई. ते सोडून तुला डोक्यावर खोगीर पाहिजे.

सोमेश : खोगीर न्हाई हो काका, हेडफोन. तुम्ही बसा, तो स्टूल घ्या. ताई, काका बरोबर बोलून राहिले. रोजचं अप-डाऊन हाय ना तुमचं? कुठून?

तनुजा : भोकरहून.

सोमेश : मग तर बड्सच घ्या. डबीत ठेवले की आपोआप चार्ज. नांदेड ते भोकर, भोकर ते नांदेड, चार दिवस बघायचं काम न्हाई.

तनुजा : बड्स नको.

सोमेश : नेकबँड? गळ्यात राहतो, पडायची भीती न्हाई. कॉलेजच्या साऱ्या पोरी हाच नेतात.

तनुजा : लांबून कळतो का? कानात काही घातलंय म्हणून?

सोमेश : तेच तर याचं भारी हाय. बिलकूल कळत न्हाई.

तनुजा : मग नको.

शेषेराव : आता बोल! माझं मोंढ्यात माल विकायचं काम सकाळीच झालं होतं. हिच्यापायी थांबलो, तर ही नुसती नको नको करून राहिली.

तनुजा : तुम्ही जा ना अण्णा पुढं. मी येते साडेपाचच्या गाडीनं.

शेषेराव : आलोय तर आता घेऊनच जातो. पोरा, मोठं काढ. चांगल्यातलं काढ.

तनुजा : स्वस्तातलंच काढा. पाच-सातशेच्या आत.

शेषेराव : मी देणार हाय ना? तू काढ रे.

सोमेश : हा बघा. किमतीचं मागून बोलू, आधी काम बघा. हे बटन दाबलं की बाहेरचं सगळं गुल. गाडीचं इंजिन, कंडक्टरची घंटी, बायाबापड्यांची कावकाव, काहीच न्हाई. मागं बसून कुणी नावानं बोंबललं तरी कळणार न्हाई तुम्हाला.

तनुजा : ठेवा तो. ठेवून द्या.

सोमेश : घालून तर बघा.

तनुजा : नको म्हटलं ना. बाहेरचं ऐकू येईल असा न्हाई का? मोठाच, पण बाहेरचं ऐकू आलं पाहिजे.

सोमेश : ताई, लोक नेमकं उलटं मागतात.

शेषेराव : कानावर झाकण बी पाहिजे आन् ऐकू बी आलं पाहिजे. मग घ्यायचा कशाला?

तनुजा : स्टॉप कळला पाहिजे ना, अण्णा.

शेषेराव : भोकरच्या पोरीला भोकर कळत न्हाई? शेवटचा स्टॉप हाय तो. झोपली तर कंडक्टर उठवून उतरवतो.

तनुजा : दादा, असा हाय का न्हाई तेवढं सांगा.

सोमेश : हाय एक. पण मी गिऱ्हाइकाला काढत न्हाई तो, कंप्लेंटी येतात. फोम पातळ. आतलं बाहेर जातं, बाहेरचं आत येतं. साडेपाचशेचा. काळा हाय आन् लाल हाय.

तनुजा : लाल.

शेषेराव : लाल!

तनुजा : काळा केसात दिसत न्हाई.

शेषेराव : परत दिसायचं! तनू, तुझ्या डोक्यात काय चाललंय काय?

सोमेश : असू द्या काका, लाल बी चांगला दिसतो. घ्या ताई, फोनला जोडून बघा. बाजूचं बटन दाबून धरा, मग गाणं लावा. तिकडं उजेडाकडं जाऊन बघा आरामात.

(तनुजा हेडफोन डोक्यावर चढवते आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहते.)

शेषेराव : काय रे, यातून फोनवर बोलता बी येतं का?

सोमेश : हाव काका. माइक हाय ना. दिवसभर बोला.

शेषेराव : बिनमाइकचा न्हाई?

सोमेश : आता बिनमाइकचं येतच न्हाई. का हो?

शेषेराव : तनू! ए तनू!

तनुजा : …

शेषेराव : ऐकू येईना व्हय तिला.

सोमेश : गाणं लावलं असंल. मोठ्यानं लावलं की या फोममधून बी काही कळत न्हाई.

शेषेराव : तुला बहीण हाय?

सोमेश : हाय की. लातूरला दिली.

शेषेराव : मग तुला सांगायला हरकत न्हाई. ही माझी पोरगी दिवाळीपासून बिघडली. म्हंजी, वाईट न्हाई रे. पण जेवत न्हाई. बोलावं तर अंगावर येती. आन् घरी आली की पहिलं काम, अंगावरचे कपडे धुणं. रोज. गारठ्यात बी. हिची आई म्हणती, एवढी टापटीप कुणासाठी चाललीय?

सोमेश : कॉलेज हाय काका. पोरी राहतात नीटनेटक्या.

शेषेराव : पोरगं हाय कुणीतरी. मी काय आंधळा न्हाई. आता हे डोक्यावर घालून जाता-येता त्याच्याशी बोलायला मोकळी.

सोमेश : मग घेऊन कशाला देता?

शेषेराव : रविवारी रेणापूरचे पाहुणे येऊन राहिलेत. बघायला. तिला सांगितलं न्हाई अजून. म्हटलं, आधी तिच्या मनासारखं काहीतरी घेऊन द्यावं. नाराज तोंडानं पोहे घेऊन येऊ नये.

सोमेश : आन् कॉलेजचं?

शेषेराव : रक्त तपासायचा कोर्स हाय. शेवटचं वर्ष. पाहुणे शिकू द्यायला हो म्हणले तर करंल पुढं. न्हाई म्हणले तर झालं तेवढं बास.

सोमेश : काका.

शेषेराव : आता पोरींना किती बी शिकवा—

सोमेश : काका, तो दिवा.

शेषेराव : कसला दिवा?

सोमेश : हेडफोन चालू झाला की कानाच्या बाजूला निळा दिवा लागतो. तो लागलाच न्हाई. ताईंनी बटनच दाबलं न्हाई.

शेषेराव : म्हंजी?

सोमेश : म्हंजी गाणंबिणं काही चालू न्हाई.

शेषेराव : तनू? तनुजा.

तनुजा : रविवारी किती वाजता येणार हायेत?

शेषेराव : ढोंग करतीस? मी हाक मारली तर ओ दिली न्हाईस. मान बी हलवली न्हाई!

तनुजा : सवय झाली.

शेषेराव : कसली सवय?

तनुजा : ऐकून न ऐकल्यासारखं उभं राहायची. दादा, हाच द्या.

शेषेराव : देऊ नको रे. आधी नाव सांग त्याचं.

तनुजा : कुणाचं?

शेषेराव : ज्याच्यापायी हे चाललंय त्याचं!

तनुजा : माहीत न्हाई.

शेषेराव : दुकानात हात उचलायला लावू नको मला.

सोमेश : मी जरा चहाचं सांगून येतो.

शेषेराव : तू बस. तुझं दुकान हाय. बोल तनू.

तनुजा : बोलले तर कॉलेज बंद करणार तुम्ही. न्हाई बोलले तर रविवारी पाहुणे. कोणतं करू?

शेषेराव : कॉलेज कशाला बंद—

तनुजा : साडेपाचच्या गाडीला एक माणूस असतो. मी कुठं बी बसले तरी माझ्या मागच्याच सीटवर. आधी नाव विचारायचा. मग, गाव कोणतं, कोणाची तू. मग सीटच्या फटीतून बोटं घालायला लागला. इथं, बरगडीपाशी. ओ दिली की बोलत सुटतो. न्हाई दिली की माजली म्हणतो, मोठ्यानं, बाकीच्यांना ऐकू जाईल असं. म्हणून मोठा पाहिजे. लाल पाहिजे. त्याला मागून दिसला पाहिजे. हिला काही ऐकू जात न्हाई म्हणून तरी गप बसंल.

सोमेश : आन् बाहेरचं ऐकू यायला कशाला मग?

तनुजा : तो उठला का, पुढं सरकला का, उतरताना माझ्या मागं हाय का, ते नको कळायला? मला गाणी ऐकायचीच न्हाईत. एक बी लावणार न्हाई मी.

शेषेराव : कपडे—

तनुजा : हाव. म्हणून धुते.

सोमेश : काका, पाणी घ्या.

शेषेराव : मला का सांगितलं न्हाईस? मी मेलो होतो?

तनुजा : पुनमताईनं सांगितलं होतं की. तिच्या वडलांना, आपल्या काकांना.

शेषेराव : पुनमची गोष्ट वेगळी.

तनुजा : काय वेगळी? गाडीत तिला त्रास दिला दुसऱ्यानंच. घरी कोण बसलं? अकरावीची पुस्तकं रद्दीत घातली तिची. त्या वक्ताला काकांना कुणी म्हटलं होतं, अण्णा, की आता पाठवू नको म्हणून? मी पाणी घेऊन आले होते तेव्हा. दारातच होते, तुमचं बोलणं ऐकलं मी.

शेषेराव : तुझा काका एकटा पडला होता. लोक काय काय बोलून राहिले होते. मला वाटलं…

तनुजा : पुनमताईला काय वाटलं, ते इचारलं कुणी?

सोमेश : ताई, बसस्टँडवर चौकी हाय. तिथं सांगितलं तर—

शेषेराव : तिथं सांगितलं की रात्रीपर्यंत सारं भोकर बोलंल.

तनुजा : बोलू द्या. माझं सोमवारी प्रॅक्टिकल हाय. ते तेवढं देऊ द्या मला. मग चौकीत यायला बी मी तयार हाय.

शेषेराव : प्रॅक्टिकल म्हंजी काय करायचं असतं?

तनुजा : काय?

शेषेराव : विचारून राहिलो. कधी विचारलं न्हाई.

तनुजा : रक्त काढायचं. काचेवर घ्यायचं, रंग लावायचा, सूक्ष्मदर्शकातून पेशी मोजायच्या. हात हलला की गेलं.

शेषेराव : आन् तुझा हलत न्हाई?

तनुजा : तिथं न्हाई हलत.

शेषेराव : जायचं मग सोमवारी.

तनुजा : आन् रविवारचं?

शेषेराव : रेणापूरला फोन करतो. पोरगी परीक्षेत हाय म्हणतो. या वर्षी न्हाई.

तनुजा : या वर्षी?

शेषेराव : सगळं एका दमात मागू नको माय. जरा घटका जाऊ दे. आज बी असंल का तो? साडेपाचला?

तनुजा : रोज असतो.

शेषेराव : मग ऐक. स्टँडवर तू पुढं जा. तू आधी चढ, मी मागून चढतो. आपली ओळख न्हाई. तू तुझं बायांचं अर्धं तिकीट काढ, मी माझं काढतो. दोन सीटा सोडून बसतो.

तनुजा : अण्णा, मारामारी नको.

शेषेराव : मला तो डोळ्यानं बघायचाय. फटीत हात गेला की कंडक्टरला सांगून गाडी सरळ ठाण्याकडं घ्यायला लावतो.

तनुजा : हात उचलणार न्हाई ना, अण्णा?

शेषेराव : न्हाई उचलणार. हे घे रे पोरा, पैसे.

सोमेश : पॅक करून देऊ का?

शेषेराव : नको. डोक्यावरच राहू दे तिच्या. आन् तनू, मी मागं हाय म्हणून सारखी वळून बघू नको. त्याला संशय येईल.

तनुजा : न्हाई वळत. दिवाळीपासून एकदा बी वळले न्हाई मी. त्याचं तोंड अजून बघितलंच न्हाई, अण्णा.